विहिरीवरची पाटी

"भाऊसाहेब, वाचा. मोठ्यानं वाचा!" हौसाक्कानं ग्रामसेवकाला दंडाला धरून विहिरीवरच्या पाटीपुढं उभं केलं. तिची तान्ही नात जुलाबांनी सुकून तालुक्याच्या दवाखान्यात पडली होती, एवढ्याशा हाताला सलाईन लावून.

त्यानं घसा खाकरला. "सदर उद्भवाचे जलनमुने अणुजैविकदृष्ट्या प्रतिकूल आढळल्याने मानवी प्राशनार्थ विनियोग प्रतिबंधित करण्यात येत आहे."

"हेच मी वाचलं होतं. प्रौढवर्गात शिकलेलं अक्षर न् अक्षर जुळवून साऱ्या वाडीला ऐकवलं. पूजेच्या मंत्रासारखं वाटलं, म्हणून बायांनी पाटीला हळदकुंकू वाहिलं आणि घागरी भरल्या. मीही भरली."

"अक्का, आम्ही पाटी वेळेवर लावली होती..."

"लावली होती! आता तुमच्या आईला सांगाल तसं मला सांगा."

तो चाचरला. "हे पाणी पिऊ नका."

"एवढंच?" हौसाक्काचा आवाज चिरकला. "चार शब्द! ते लिहायला तुमचा हात मोडला होता? मला वाटलं, मलाच वाचता येत नाही. पोरीच्या उशाशी बसून मी स्वतःलाच शिव्या घालत होते!"

तिनं गेरूचा डबा त्याच्या हातात कोंबला. मान खाली घालून त्यानं कठड्यावर ते चार शब्द ठळक लिहिले.

गेरू ओला होता, तोच वर्गात सगळ्यांच्या मागं राहिलेली म्हातारी तानूबाई पाण्याला आली. ओठ हलवत तिनं वाचलं. घागर तिथंच टाकली आणि लुगडं सावरत ती घराकडं धावत सुटली, "सूनबाई, माठ ओत! अगं, आधी माठ ओत!"