दाजी गाडीबाहेर

"दाजी, आत यायचं नाही!" ओस्वाल्दोने काच दोन बोटं खाली करून बजावलं. "आहात तिथेच उभे राहा. हात दारावरच ठेवा."

दुपारचे तीन, टेक्सासचं ऊन, पेट्रोल पंपावरचं डांबर बुटाला चिकटत होतं. एर्नान नुसता लघवीला म्हणून उतरला होता. परत येऊन त्याने दाराला हात घातला आणि त्याच क्षणी आत रेडिओवर अर्जेंटिनाने बरोबरीचा गोल केला. झालं! आम्हा अर्जेंटिनावाल्यांत गोल होताना जो जिथे असेल, त्याने सामना संपेपर्यंत तिथेच राहायचं. गाडीसुद्धा हलवायची नाही. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून दमला आणि शिव्या घालत दुसऱ्या रांगेत गेला.

"अरे, निदान ऐकू तरी येऊ दे मला!"

"गोल झाला तेव्हा काच बंद होती," ओस्वाल्दो म्हणाला आणि त्याने काच वर केली.

एर्नान म्हणजे ओस्वाल्दो आणि दारिओच्या बहिणीचा, ग्रासिएलाचा नवरा. दोघा भावांच्या मते साक्षात पनवती. मायामीत त्यांनी त्याला स्टेडियमच्या जिन्यात बसवलं, अटलांटात संडासात. दोन्हीकडे आपण जिंकलो, मग तो बिचारा काय बोलणार! मोटरसायकल विकून हा माणूस वर्ल्डकपसाठी अमेरिकेत आला आणि अख्ख्या दौऱ्यात त्याने आपला एकही गोल पाहिला नव्हता. आजच्या सामन्याची तिकिटं कुणालाच मिळाली नाहीत. पुढच्याची, डॅलसची, खिशात होती. आज हरलो तर ती चुलीत घालायची.

सामना पेनल्टींवर गेला. एर्नानला ते कळलं आतल्या दोघांच्या तोंडांवरून. काचेला कान लावला तर ओस्वाल्दोने आतून काचेवर बुक्की मारली.

शेवटची पेनल्टी आपली होती. आत गेली की जिंकलो. एर्नानचे ओठ पार सुकले होते. मागे बसलेल्या धाकट्या दारिओला ते बघवेना. पाण्याची बाटली द्यायला त्याने दार वीतभर उघडलं.

"बंद कर ते, गाढवा!" ओस्वाल्दो किंचाळला.

एर्नानने बाटली घेतली नाही. त्याने दार सताड उघडलं, दारिओला खांद्याने पलीकडे ढकललं, बसला आणि सीटचा पट्टा लावला.

ओस्वाल्दोचं तोंड पांढरंफटक पडलं. मागे वळून त्याने चक्क हात जोडले. "दाजी, उतरा हो. पाया पडतो तुमच्या. एकच मिनिट! ग्रासिएलाची शपथ आहे तुम्हाला."

रेडिओवरचा माणूस कुजबुजत होता. आपल्या खेळाडूने चेंडू ठेवला होता, तो चार पावलं मागे सरकला होता.

"ओस्वाल्दो," एर्नान म्हणाला, "आवाज वाढव."