विचारपूस

पैजांच्या कायद्याचा फेरविचार करणाऱ्या समितीसाठी वैजयंती खारकर मिरजेत घरोघर जाऊन जबाब लिहून घेत होती. आजचा हा सहावा जबाब होता. समोर निवृत्त चित्रकला शिक्षक दिगंबर पोतनीस बसले होते, वय एकोणऐंशी.

रक्ताच्या एका थेंबावरून माणूस अजून किती जगेल हे यंत्र सांगू लागलं, तेव्हापासून कुणाच्याही मरणावर पैज लावता येत होती. हा अभ्यासाचा खेळ आहे, जुगार नव्हे, असं कायदा म्हणत होता.

“मी दिवाळीआधी जाईन म्हणणारे जिलेबी आणून देतात,” पोतनीस सर थकल्या आवाजात म्हणाले. “मला मधुमेह आहे. दिवाळी बघेन म्हणणारे दुधीचा रस आणतात. दोघंही तितक्याच मायेनं विचारतात, सर, कसं वाटतंय? मुलगी रोज फोन करते. हल्ली तिलाही मी धड काही सांगत नाही.”

“मुलीनंही पैज लावलीय?”

“ठाऊक नाही. विचारायचा धीर होत नाही.”

वैजयंतीनं तेही लिहून घेतलं आणि सही घेतली. निघताना ‘तब्येतीला जपा’ हे शब्द तिच्या ओठांवर आले, पण तिनं ते गिळले.

सरांच्या ते लक्षात आलं. “समितीच्या माणसांना पैज लावायला बंदी आहे ना?”

“हो.”

“मग म्हणा की.”

“तब्येतीला जपा, सर.”

सरांनी डोळे मिटले.

“पुन्हा एकदा म्हणा,” ते म्हणाले.