मेलेले पाणकिडे

मुलांनो, असा एक इवलासा धागा मनात आणा, जो फक्त आपल्या जोडीच्या रेणूलाच चिकटतो. त्याला प्रायमर म्हणतात. बदलापूरच्या शिरगावातल्या मायाताईने तो माशीतल्या एका सूक्ष्म आरएनएवरून बेतला होता. हा आरएनए कोट्यवधी वर्षं कीटकांमध्ये जवळजवळ तसाच राहिलाय, म्हणून कुणी कधी न अभ्यासलेल्या पाणकिड्यांतही तो सापडायला हवा होता. शेजारच्या रिद्धीने ओढ्यातले किडे डबीत भरून आणून दिले. प्रयोगशाळेतल्या यंत्राला त्यांत काहीच सापडलं नाही.

"माशीत लगेच सापडतो गं," घरी आल्यावर मायाताई म्हणाली. "मेलेल्या किड्यात तो टिकत नाही. जिवंतच पकडले होतेस ना?"

"नाही ताई, काठावर पडलेले उचलले. मेलेले चावत नाहीत ना! आणि हल्ली तिथे जिवंत एकपण दिसत नाही."

मायाताईचा चेहरा उतरला. "कुठला ओढा?"

"आपल्या विहिरीला लागून आहे तो."

तेवढ्यात विहिरीवरून बादलीचा आवाज आला. रिद्धीची धाकटी बहीण पाणी शेंदायला गेली होती.

रिद्धी अनवाणीच पळत सुटली, "चिमे, पिऊ नको गं!" असं ओरडत.