सातवं कलम

तेंडोलकर ट्रस्टच्या दस्तात कलमं सहाच होती आणि सहावं म्हणत होतं, 'बाग विकावी की राखावी, हे सातवे कलम सांगेल.' त्या हरवलेल्या कलमापायी दोघे विश्वस्त, कुमुद आणि तिचा भाऊ दामू, बावीस वर्षं कोर्टात भांडत होते. आज न्यायाधीश स्वतः बागेत आले होते. कलम सापडलं नाही, तर विक्री नक्की.

"कुमे, झाडं काय मोजतेस? कागद शोध!"

"दादा, आंब्याच्या झाडालाही कलमच म्हणतात ना रे?"

दस्त करणाऱ्या पणजोबांच्या काळी झाडांच्या पेशींत मजकूर लिहायची टूम निघाली होती. लोक मोगऱ्यात लग्नपत्रिका लिहून घेत. कुमुदने रांगेतल्या सातव्या कलमाचं पान पेशीवाचकात सरकवलं. पडद्यावर पणजोबांचं अक्षर उमटलं: 'बाग विकू नये.'

"दुसरी प्रत दाखव," दामू अडला.

न्यायाधीशांनी दुसरं पान खुडलं. तोच मजकूर, तीच सही. कुमुदने वर पाहिलं आणि तिचे हात आपोआप जोडले गेले. वाऱ्यावर लाखभर प्रती सळसळत होत्या.

"आणि आपण बावीस वर्षं काय करत होतो गं?" दामूने खुडलेलं पान हातात घेतलं.

"आपण दर उन्हाळ्यात याच कलमाचे आंबे चोखून कोर्टात जात होतो, दादा."