उजवी पाकळी

"चाळीस टक्के म्हणजे काय गो? लढाई होतली काय नाय, तां सांग."

गोकुळदासांनी लेकीला हे सकाळपासून चौथ्यांदा विचारलं. सेजलनं लॅपटॉप मिटला. आखातातल्या त्या दोन देशांत महिन्याभरात लढाई जुंपण्याची शक्यता किती, हा आकडा काढण्याचा तिला पगार मिळत होता. पेडण्यातल्या घरी बसून ती तो काढायची, बंगळूरची कंपनी पुढे विमेवाल्यांना विकायची. विमेवाले चाळीस म्हटलं की समजून जायचे. आजच साहेबांनी फोन करून तीसच्या खाली आणता येईल का विचारलं होतं. गिऱ्हाईक नाराज होतं म्हणे. "आकडा आवडला नाही म्हणून परत काढत नाहीत, सर," असं तिनं ऐकवलं होतं.

साहेबांनी ते मानलं. बाबा मानेनात.

"बाबा, अशी वेळ दहादा आली तर चारदा लढाई होईल, असं आहे ते."

"गौरेशाक एकदाच जावचा आसा."

गौरेश तिचा धाकटा भाऊ, तेलाच्या जहाजावर कामाला. त्याची पुढची बोट नेमकी त्या दोन देशांमधल्या चिंचोळ्या समुद्रातून जाणार होती. हो की नाही, ते एजंटाला संध्याकाळी पाचपर्यंत कळवायचं होतं. नाही म्हटलं तर पुढची बोट कधी मिळेल त्याचा भरवसा नव्हता. हो म्हटलं तर परवाचं विमान. गौरेश स्वतः बॅग भरत होता आणि मधूनच रिकामी करत होता.

"कंपनीक चाळीस सांग," गोकुळदास म्हणाले. "माका तुझ्या भावाचा सांग."

तो आकडा सेजलकडे नव्हता.

गोकुळदासांनी पायात वहाणा सरकवल्या. "चला देवळात. सातेरी देवी टक्क्यांत बोलणा नाय."

बाबली गुरवाला त्यांनी दुपारच्या झोपेतून उठवून आणलं. त्यानं आधी गाभाऱ्याजवळचा पंखा बंद केला. वाऱ्यानं पडलेला कौल धरत नाहीत. मग देवीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवली. उजवी आधी पडली तर जा, डावी पडली तर राहा.

"बोटीचाच इचारूचा मां?" तो म्हणाला. "ह्या आठवड्यात पाच जण येवन गेले."

"त्यांना काय पडलं?" सेजलनं न राहवून विचारलं.

"तिघांक उजवी, दोघांक डावी."

पाचातले दोन. चाळीस टक्के. सेजलला आधी हसू आलं, मग राग आला. चार महिने खपून जे गणित तिनं मांडलं होतं, ते बाबली गुरव ताटलीतल्या फुलांवर आठवड्याभरात करून मोकळा झाला होता. वर त्याला आपण ते केलंय हे माहीतही नव्हतं.

बाबलीनं गाऱ्हाणं घातलं. गोकुळदासांनी डोळे मिटले. गौरेश मोबाइलमधली वेळ बघत राहिला. सेजल असल्या गोष्टी मानत नव्हती, त्यामुळे ती आरामात डाव्या पाकळीकडे बघत उभी होती. थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की आपण नुसतं बघत नाही, नजरेनं ती पाकळी ढकलतोय.

उजवी हलली, घसरली आणि देवीच्या पायाशी पडली.

"उजवी," बाबली म्हणाला.

गोकुळदासांनी हात जोडले. चेहरा मात्र डावी पडल्यासारखा होता.

"ती नीट चिकटलीच नव्हती," सेजल म्हणाली. "परत लावा, बाबलीकाका."

बाबली पंख्याच्या बटणाकडे निघाला होता, तो तसाच मागे वळला. "पडल्यार सगळे ह्याच म्हणतत, बाय."

त्यानं पाकळी उचलून गौरेशच्या हातावर ठेवली. गौरेशनं सकाळपासून खिशात बाळगलेला पासपोर्ट काढला, एक कोरं पान उघडलं आणि तिथं ती दाबून ठेवली. मग एजंटाचा नंबर लावायला घेतला, आणि लावला नाही.

पाचाला बावीस मिनिटं होती. डावी पाकळी देवीच्या खांद्यावर तशीच होती. तिघंही तिच्याकडे बघत उभे होते.

"पंखो लावू?" बाबलीनं विचारलं.

"थांब जरा," गोकुळदास म्हणाले.