विरोधकाचं उत्तर

ग्रामपंचायतीला पॅनल वेगळं झालं, तेव्हापासून भुजंगतात्या आणि शेजारचे सुदामआप्पा एकमेकांशी बोलत नाहीत. भांडतात ते फक्त गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, सकाळच्या चहापासून.

काल तात्यांनी आप्पांच्या पॅनलवर टीका करणारा चांगला लांबलचक मेसेज टाकला. आज दुपार झाली तरी उत्तर नाही. तात्यांना जेवण गोड लागेना.

"त्यांचा रिचार्ज संपलाय म्हनं," त्यांच्या बायकोनं, रुक्मिणबाईंनी, भाकरी वाढताना सांगितलं. दोन्ही घरच्या बायकांचं बोलणं कधी बंद नव्हतंच.

तात्या ताटावरून उठले, मधल्या भिंतीपाशी गेले आणि वर्षभरात पहिल्यांदा हाक मारली.



"सुदाम्या, हॉटस्पॉट चालू केलाय म्या. फोन जोड, आन् दे उत्तर."