भिंगरीच्या गळ्यातला पट्टा

जनावरांच्या डॉक्टरांनी मांजरीला पुन्हा एकदा तपासलं. "रोग काहीच नाही. तरी केस झडतायत, खाणं सुटलंय. हिनं कसली तरी धास्ती घेतलीय. घरात भांडणं होतात का?"

"छे! एकदाही नाही," श्रीरंग म्हणाला.

ते खरंच होतं. लग्नाच्या नोंदणीत सगळ्यांना मिळतात तसे त्याला आणि मेधाला पट्टे मिळाले होते. मनगटाला बांधले की एकाच्या मनावरचा निम्मा ताण दुसऱ्याकडे जायचा. आठ महिन्यांपूर्वी श्रीरंगच्या किडनीचा रिपोर्ट आला. मेधाला त्याची झळ नको, म्हणून त्याने आपला पट्टा दिवसभर लोळणाऱ्या भिंगरीच्या लोकरी कॉलरखाली लपवला. तेव्हापासून मेधा मैत्रिणींना सांगायची, "आमचा श्रीरंग किती शांत झालाय!"

डॉक्टरांनी कॉलर काढली आणि पट्टा बघून म्हणाले, "अहो, हा नुसता पाठवत नाही. घेतोसुद्धा."

घरी येऊन श्रीरंगने पट्टा मनगटाला बांधला. छातीत एकदम काहीतरी कोसळलं. स्वतःच्या आजाराची भीती त्याच्या ओळखीची होती. ही ती नव्हती. ही कितीतरी जुनी होती, आणि निम्मीच होती.

मेधा हसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. "भिंगरीचं काय निघालं रे?" विचारता विचारता तिने आपलं मनगट घट्ट धरलं आणि ती मटकन खाली बसली.

कोपऱ्यात भिंगरी आठ महिन्यांत पहिल्यांदाच बशी चाटूनपुसून दूध पीत होती.